जुना व्हीसीआर, नवा टीव्ही आणि मधली वायर

दिवाळीच्या साफसफाईत रामबागेतल्या आत्याच्या माळ्यावरून व्हीसीआर खाली आला. जुन्या चादरीत गुंडाळलेला, सोबत सात कॅसेटी. एका कॅसेटच्या पाठीवर निळ्या शाईत एवढंच लिहिलेलं: 'मुंज + झांकी'. मुंज माझ्या आतेभावाची. झांकी म्हणजे अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात मिलवाल्यांचे दिव्यांनी सजवलेले फिरते देखावे निघतात ते. मुंजीनंतर कॅसेटवर जागा उरली होती, ती कुणीतरी मागून आणलेल्या कॅमेऱ्याने भाद्रपदात भरून टाकली. हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली आणि ही कॅसेट त्याच्या आधीची. आत्याचं म्हणणं मात्र सरळ होतं, "टीव्हीवर लागतंय का बघ रे, नाहीतर भंगारवाल्याला देऊन मोकळी होते."

टीव्ही तिचा नवा, भिंतीवरचा, 43 इंची. मागे हात घालून चाचपलं तर जुन्या एव्ही वायरीची पिवळी-पांढरी-लाल अशी तीन भोकं कुठेच नाहीत, नुसती चपटी एचडीएमआयची, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच वायरीतून घेणारी. मी तडक जेल रोड गाठला. दुकानदाराने विचारलं, "भिया, एव्ही टू एचडीएमआय चाहिए कि एचडीएमआय टू एव्ही?" मी रुबाबात म्हटलं, "वही, टीव्हीवाला." त्याने दिला तो नेमका उलटा निघाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा जेल रोड, पुन्हा पार्किंगची मारामारी. त्यानंतर नात्यात आणि शेजारात मिळून आठ-दहा घरी हे काम केलं. जे कळलं ते पहिल्यांदाच हे करणाऱ्यांसाठी इथे क्रमाने लिहितो.

दुकानात जाण्याआधी दोन्ही पाठी बघा

पहिलं काम खरेदीचं नाही, बघण्याचं. मोबाइलचा टॉर्च लावा आणि दोन फोटो काढा, एक जुन्या यंत्राच्या पाठीचा, एक टीव्हीच्या पाठीचा. टीव्ही भिंतीला चिकटून असेल तर मोबाइल उलटा धरून मागे सरकवा आणि व्हिडिओ काढा. टीव्हीची भोकं दोन ठिकाणी असतात, काही मधोमध खाली तोंड करून, काही डाव्या-उजव्या कडेला. कडेची लोक बघतात, खालची विसरतात. दुकानदाराला तुमच्या वर्णनापेक्षा हे दोन फोटो जास्त कळतात.

जुन्या यंत्रामागे बहुधा तीन रंगांची गोल भोकं दिसतील. पिवळं चित्राचं, पांढरं डाव्या बाजूच्या आवाजाचं, लाल उजव्या बाजूच्या आवाजाचं. दुकानात याला एव्ही लीड किंवा तीन पिनवाली लीड म्हणतात. यंत्र मोनो असेल तर लाल नसतंच, पिवळं आणि पांढरं एवढंच. मग टीव्हीच्या एकाच बाजूने आवाज आला तर यंत्र बिघडलं असं समजू नका.

आता त्या भोकांच्या शेजारचं बारीक अक्षर वाचा. 'इन' की 'आउट'? व्हीसीआरला दोन्ही असतात, कारण तो रेकॉर्डही करायचा. मी पाहिलेल्या घरांपैकी निम्म्या ठिकाणी घोटाळा इथेच होता, लीड व्हीसीआरच्या 'इन'मध्ये खोचलेली. पाणी टाकीतून नळाला येतं तसंच हे आहे. यंत्राच्या 'आउट'मधून निघायचं आणि टीव्हीच्या 'इन'मध्ये जायचं. अक्षर पुसलेलं असेल तर भिंगातून बघा, नाहीतर दोन्हीकडे लावून पाहा. एव्हीच्या लीडमध्ये इकडचं तिकडे लागलं म्हणून काही जळत नाही.

बघण्यासारखी अजून एक गोष्ट, आणि ही चुकली तर मात्र जळतं. यंत्राच्या मागच्या पत्र्यावर किती व्होल्टचं ते लिहिलेलं असतं. दुबई-मस्कतहून आणलेली यंत्रं बहुतेक 220-240 व्होल्टची किंवा कमी-जास्त दोन्ही दाबांवर चालणारी असतात. अमेरिकेतून कुणी भाच्याने आणलेलं असेल तर 120 व्होल्टचं, जपानमधलं असेल तर 100 व्होल्टचं. ते आपल्या 230 व्होल्टच्या भिंतीत सरळ लावलं की आतून 'टप्' असा आवाज येतो आणि विषय संपतो. अशा यंत्राला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे विजेचा दाब कमी करणारा डबा, लागतोच. जेल रोडवर उभ्या मोठ्या दुकानदारालाही हे विचारायचं सुचत नाही, तेव्हा तुम्हीच बघा.

दोघांची भाषा वेगळी

पिवळ्या वायरीतून जातो तो विजेचा सतत वरखाली होणारा दाब. त्या चढउतारातच चित्राच्या ओळी एकामागून एक असतात. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एका चित्राच्या 625 ओळी आणि सेकंदाला 25 चित्रं. अमेरिका-जपानच्या एनटीएससीत 525 ओळी आणि सेकंदाला जवळजवळ 30. एचडीएमआयमधून मात्र आकडे जातात, शून्य आणि एक. म्हणजे एकाची बोली आणि दुसऱ्याचा हिशोब. मध्ये दुभाषा हवाच.

म्हणून एक वस्तू अजिबात घेऊ नका. एका टोकाला एचडीएमआयची चपटी पिन, दुसऱ्या टोकाला पिवळी-पांढरी-लाल, मधे नुसती वायर. ती स्वस्त असते, ऑनलाइन तिचे फोटो झकास असतात, आणि आपल्या कामाची ती नाही. भाषांतर करणारं सर्किट त्यात नाहीच तर करणार कोण?

आता तुमचा टीव्ही यातला कुठला ते ठरवा

टीव्हीला तीन रंगांची भोकं असतील तर तुम्ही नशीबवान. रंगाला रंग लावा, रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' दाबून एव्ही निवडा आणि पुढे व्हीसीआरच्या भागावर या.

टीव्हीला पाच भोकं असतील, हिरवं, निळं, लाल आणि शेजारी पांढरं, लाल, तर थोडं थांबा. ती कंपोनंटची सोय आहे, म्हणजे चित्र तीन वायरींत वाटून घेणारी. अशा पुष्कळ टीव्हींत पिवळं वेगळं नसतं. हिरव्यावरच 'व्हिडिओ' किंवा 'वाय/व्हिडिओ' असं लिहिलेलं असतं, कधी त्या भोकाची कड अर्धी हिरवी अर्धी पिवळी असते. तुमची पिवळी पिन त्या हिरव्यात घाला. तिलकनगरच्या एका काकांनी लाल पिन चित्राच्या लालमध्ये घातली होती, रंग जुळला ना म्हणून. आवाजाची लाल वेगळी, चित्राची लाल वेगळी. पांढऱ्याच्या जोडीला असते ती आवाजाची. हिरव्यात पिवळी घालूनही चित्र काळं-पांढरं दिसलं तर टीव्ही त्याला कंपोनंट समजतोय. सोर्सच्या यादीत 'कंपोनंट'ऐवजी 'एव्ही' निवडा.

तिसरा प्रकार म्हणजे टीव्हीला 'एव्ही इन' लिहिलेलं एकच बारीक गोल भोक, हेडफोनसारखं. यासाठी एका बाजूला बारीक पिन आणि दुसऱ्या बाजूला तीन रंगांच्या माद्या (पिन आत घ्यायची भोकं) अशी छोटी वायर लागते. त्या बारीक पिनेवर तीन काळ्या पट्ट्या असतात. हेडफोनच्या साध्या पिनेला दोन. टीव्हीच्या खोक्यात ही वायर आलेली असते आणि कुणीतरी ती रिकाम्या खोक्यासकट रद्दीत दिलेली असते. बाजारातून आणाल तर अडचण अशी की पट्ट्यांमुळे पिनेचे जे चार तुकडे होतात त्यांपैकी कुठल्यावर चित्र आणि कुठल्यावर ग्राउंड (सगळ्यांची सामाईक परतीची वाट) हे सगळ्या कंपन्यांत सारखं नाही. लावल्यावर चित्राऐवजी 'घर्रर्र' ऐकू आलं तर पिवळीच्या जागी लाल लावून बघा, मग पांढरी. तिन्ही जागा फिरवूनही जमलं नाही तर ग्राउंडच चुकीच्या तुकड्यावर आहे. ती वायर परत करा आणि आपल्या टीव्हीच्या कंपनीचीच मागा.

चौथा प्रकार आत्याचा, नुसते एचडीएमआय. इथे तो दुभाषा लागतो.

कन्व्हर्टर

काडेपेटीहून थोडा मोठा प्लास्टिकचा डबा असतो, पांढरा किंवा काळा, काही शे रुपयांत मिळतो. दुकानात तोंडाने एकच वाक्य म्हणा, "एव्ही टू एचडीएमआय." जिथून निघतं ते आधी, जिथे जातं ते नंतर. डब्यावर इंग्रजीत तेच छापलेलं असतं, मधे टू ऐवजी 2 चा आकडा. घेताना खोकं उघडून बघा. तीन रंगांच्या भोकांजवळ 'इनपुट' आणि एचडीएमआयजवळ 'आउटपुट' लिहिलेलं असलं पाहिजे. उलट्या डब्याचा चेहरा हुबेहूब असाच असतो, रंगही तोच. मी फसलो तो तिथेच.

कन्व्हर्टरसोबत बारीक यूएसबीची वायर येते. तो डबा स्वतः वीज खातो, 5 व्होल्ट. ती वायर न लावता टीव्हीसमोर बसून 'सिग्नल नाही' वाचणारे मी पाहिले आहेत. टीव्हीच्या यूएसबीत लावली तरी बहुतेकदा चालतं, पण मी मोबाइलचा जुना चार्जर वापरतो. काही टीव्हींच्या यूएसबीतून पुरेशी वीज मिळत नाही आणि मग चित्र मधूनच जातं-येतं, आणि आपण उगाच व्हीसीआरला शिव्या घालतो.

डब्याच्या कडेला एक सरकतं बटण असतं, टीव्हीला किती ओळींचं चित्र पाठवायचं त्याचं, 720 की 1080. त्याने जुनं चित्र सुधारत नाही. ज्यावर टीव्ही चित्र घेतो त्यावर ठेवा. काही डब्यांवर पाल-एनटीएससीचंही बटण असतं. आपल्या मुंजी-लग्नांच्या कॅसेटी पालच्या. अमेरिकेहून मावशीने पाठवलेली कॅसेट असेल तर एनटीएससी. चित्र वरून खाली धावायला लागलं किंवा रंग उडाले तर आधी हेच बटण बघा, आणि मग व्हीसीआरवरचं सिस्टिमचं बटण. कॅसेट एनटीएससी आणि व्हीसीआर फक्त पालचा, अशी गाठ पडली तर कन्व्हर्टरची काही चूक नाही.

जोडणी अशी करा. सगळ्यांची वीज बंद. व्हीसीआरच्या 'आउट'मधून तीन रंगांची लीड कन्व्हर्टरच्या 'इन'ला. कन्व्हर्टरमधून एचडीएमआय वायर टीव्हीला. यूएसबी चार्जरला. आधी टीव्ही चालू करा आणि ज्या भोकात वायर घातली तोच एचडीएमआय क्रमांक निवडा. मग कन्व्हर्टर, त्याचा दिवा लागतो का बघा. सगळ्यात शेवटी व्हीसीआर. कन्व्हर्टर लागला पण व्हीसीआर बंद असेल तर टीव्ही निळा किंवा काळा पडदा दाखवेल आणि 'सिग्नल नाही' म्हणणार नाही. इथपर्यंत आलात की टीव्ही आणि कन्व्हर्टर दोघंही ठीक आहेत; दोष असलाच तर अलीकडच्या अर्ध्यात शोधायचा.

व्हीसीआरला एव्हीची भोकंच नाहीत, नुसतं अँटेनाचं आहे, असंही कधी भेटतं. जुन्या टीव्ही गेमला तर तेवढंच असतं. मग अँटेनाची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात लावा, यंत्र चालू ठेवा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऍनालॉग चॅनलांचा ऑटो स्कॅन लावा. कॅसेट फिरत असतानाच स्कॅन करायचा, नाहीतर त्याला सापडणार काय? ती एक वाहिनी म्हणून सापडते. इंदुरात केबल डिजिटल झालं त्याला 2013 पासून इतकी वर्षं झाली की टीव्हीत हा स्कॅन अजून असतो हे घरातल्या कुणाला ठाऊकच नसतं.

व्हीसीआर: कॅसेट इतक्यात घालू नका

इथे मी सगळ्यांना हात जोडून सांगतो. जोडणी झाली की लोकांना दम निघत नाही आणि सगळ्यात लाडकी कॅसेटच पहिली आत जाते. वीस-पंचवीस वर्षं माळ्यावर पडलेल्या यंत्राचे रबरी पट्टे सैल पडलेले असतात, रबरी रूळ कडक होऊन चकाकतो. असं यंत्र कॅसेट आत घेतं, फीत बाहेर ओढतं आणि परत गुंडाळत नाही. मग मुंजीचे दोन मीटर यंत्राच्या पोटात.

म्हणून आधी यंत्र रिकामं अर्धा तास चालू ठेवा. जळका वास, धूर, बारीक शिट्टीसारखा आवाज आला तर प्लग काढा आणि कारागिराकडे न्या. झाकण स्वतः उघडू नका. वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ चार्ज उरतो. सगळं शांत असेल तर एखादी टाकाऊ कॅसेट घाला, कुणाला नको असलेली. प्ले, स्टॉप, रिवाइंड, बाहेर. तीनदा. तिन्ही वेळा फीत शाबूत बाहेर आली तर पुढे जा.

आता हवी ती कॅसेट हातात घ्या आणि तिच्या काचेच्या खिडकीतून आत बघा. फितीच्या गुंडाळीवर पांढरट, राखेसारखे ठिपके किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. माळव्याच्या पावसाळ्यात पत्र्याच्या पेटीतल्या कॅसेटींना ती सर्रास लागते. अशी कॅसेट यंत्रात घालू नका. बुरशी हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि तिथून पुढच्या सगळ्या कॅसेटींना. आत्याच्या सातांपैकी दोन अशा निघाल्या. त्या मी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्या. अशा कॅसेटी साफ करणाऱ्या माणसाकडेच द्यायच्या.

आणखी एक. कॅसेटच्या पाठीला, नाव लिहितात त्या कडेला, डावीकडे प्लास्टिकचा बारीक दात असतो. तो शाबूत असेल तर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं की मुंज पुसली जाईल. टोकदार चाकूने तो तोडून टाका. पुन्हा कधी रेकॉर्ड करायचंच असेल तर तिथे चिकटपट्टी लावली की झालं.

चांगली कॅसेट लावण्याआधी एकदा शेवटापर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं एकाच अंगावर पडलेली फीत मोकळी होते आणि सरळ धावते.

चित्र आलं, पण खालच्या बाजूला पांढऱ्या रेघांचा पट्टा नाचतोय? ट्रॅकिंगचं (हेड फितीवर नीट जुळवण्याचं) बटण किंवा चकती हळूहळू फिरवा, पट्टा खाली सरकत पडद्याबाहेर जाईपर्यंत. सगळ्या पडद्यावरच बर्फ पडतंय आणि आवाज मात्र चांगला आहे? हेड घाण झालंय. क्लीनिंग कॅसेट मिळाली तर एकदा चालवा, रोज नको. कानकोरणीच्या कापसाने हेड घासायचा उद्योग करू नका. कापसाचा तंतू अडकतो आणि हेडचं टोक केसाएवढं नाजूक असतं.

जुन्या टीव्हीत आणि नव्या टीव्हीत एक मोठा फरक आहे, तो कुणी सांगत नाही. जुना डब्याचा टीव्ही हलती, थरथरती फीतसुद्धा मुकाट दाखवायचा. थोडं चित्र वाकडं व्हायचं, वरचा भाग झेंड्यासारखा फडकायचा, पण दिसायचं. कन्व्हर्टरला मात्र प्रत्येक ओळ वेळेवर हवी असते. फीत खराब झाली की तो गोंधळतो आणि सगळा पडदा निळा करून टाकतो. फास्ट फॉरवर्ड करताना तर नक्कीच. तेव्हा निळा पडदा आला म्हणून लगेच डबा फेकू नका, आधी ट्रॅकिंग नीट करा. दुकानातून विकत आणलेल्या काही सिनेमांच्या कॅसेटींवर नक्कल होऊ नये म्हणून मॅक्रोव्हिजन नावाची युक्ती केलेली असते, त्यात उजेड आपोआप कमी-जास्त होतो. तो दोष तुमच्या जोडणीचा नाही.

आत्याची कॅसेट लागली तेव्हा पहिल्या मिनिटाला सगळे लोक जाडे दिसत होते. आत्या म्हणाली, "मी एवढी कधी होते रे?" नव्हती. जुनं चित्र 4 बाय 3 चं, म्हणजे जवळजवळ चौकोनी, आणि टीव्ही 16 बाय 9 चा. तो चित्र दोन्ही कुशींना ओढून ताणतो. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये आकार '4:3' करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, येऊ द्या. काही कन्व्हर्टर टीव्हीला 16 बाय 9 चंच चित्र पाठवतात आणि मग टीव्ही आकार बदलू देत नाही. तेव्हा टीव्हीच्या मेनूत 'झूम' किंवा 'कस्टम' असं काही असेल तर त्याने आडवं दाबून पाहा. शार्पनेस शून्याजवळ आणा. टीव्ही स्वतः चित्र गुळगुळीत करण्याचे जे उपाय करतो, मोशन वगैरे, ते सगळे बंद करा. त्यांनी माणसांच्या चेहऱ्याला मेण लावल्यासारखं दिसतं.

तरीही चित्र धूसर असेल. व्हीएचएसमध्ये, म्हणजे या कॅसेटींच्या पद्धतीत, आडव्या दिशेने जेमतेम 240 ओळींचा तपशील मावतो. ती पद्धत 1976 ची आहे आणि 20-21 इंची पडद्यासाठी ती पुरेशी होती. 43 इंचांवर ते चित्र बघायचं असेल तर सोफा मागे सरकवा. आम्ही सरकवला. मुंजीत भटजी, आजोबा, मांडीवर बसलेला आतेभाऊ आणि मधेच कॅमेऱ्यासमोरून जाणारा मी, हातात पत्रावळ. मग एकदम रात्र, गर्दी, ढोल, दिव्यांनी चमचमणारी झांकी वळणावर येते, आणि मागे जेल रोडच्या दुकानांच्या पाट्या. जिथे मी चुकीचा कन्व्हर्टर घेतला होता तोच रस्ता. आत्या पुढे वाकून पाट्या वाचत बसली.

डीव्हीडी, व्हीसीडी आणि टीव्ही गेम

डीव्हीडी प्लेयरला एचडीएमआय असेल तर तेच लावा, विषय संपला. नसेल पण प्लेयर आणि टीव्ही दोघांना हिरवं-निळं-लाल असेल तर ते पिवळ्यापेक्षा बरंच स्वच्छ चित्र देतं. घोळ एकच होतो. प्लेयरच्या सेटिंगमध्ये कुणीतरी 'प्रोग्रेसिव्ह' चालू केलेलं असतं आणि मग पिवळ्यातून चित्र येत नाही किंवा फाटकं येतं. कित्येक प्लेयरांच्या रिमोटवर 'व्ही-मोड' किंवा 'पी-स्कॅन' असं बटण असतं. चित्र दिसेपर्यंत थांबून थांबून दाबत राहा. व्हीसीडीचं चित्र फक्त 352 बाय 288 ठिपक्यांचं, त्यामुळे ते चौकोनी तुकड्यांत दिसणारच.

टीव्ही गेमची जोडणी अशीच. पण बदकं मारायची ती बंदूक नव्या टीव्हीवर चालणार नाही, कितीही नेम धरा. ती जुन्या टीव्हीच्या पडद्यावर किरण ओळीओळीने फिरतो त्याच्या वेळेवर चालायची. एलसीडीत तो किरणच नाही. उडी मारायला बटण दाबलं आणि गडी उशिरा उडाला तर टीव्हीचा 'गेम मोड' चालू करा.

आवाज: जुना डेक, जुने स्पीकर

उलट्या दिशेचंही काम पुष्कळांचं असतं. नव्या पातळ टीव्हीचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, आणि घरात जुना ऍम्प्लिफायर किंवा डेक भरभक्कम स्पीकरांसह पडून. इथे टीव्ही 'आउट' आणि डेक 'इन', एवढं डोक्यात पक्कं करा.

टीव्हीला हेडफोनचं भोक असेल तर सोपं: बारीक पिनेतून पांढरी-लाल निघणारी वायर, ती डेकच्या 'ऑक्स'मध्ये. टीव्हीचा आवाज तीन चतुर्थांश ठेवा आणि पुढचं डेकवरून करा. 'ऑक्स' नसेल तर 'सीडी', 'टेप इन' किंवा 'ट्यूनर' चालेल. 'फोनो' लिहिलेल्यात मात्र घालू नका. ते रेकॉर्ड प्लेयरच्या अगदी बारीक सिग्नलसाठी असतं. टीव्ही त्यात लावला तर फाटका, कानठळ्या बसवणारा आवाज येतो.

हेडफोनचं भोक नसेल तर ऑप्टिकल बघा, छोट्या चौकोनी झडपेचं, आत लाल उजेड दिसतो. त्यातून विजेऐवजी प्रकाश जातो. जुन्या डेकला प्रकाश कळत नाही, म्हणून इथेही मधे एक डबा, ऑप्टिकलमधून आवाज घेऊन पांढरी-लाल देणारा. दुकानात त्याला डॅक म्हणतात. तोही 5 व्होल्ट मागतो. लावल्यावर आवाज नाही किंवा नुसती खरखर आली तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' करा. टीव्ही डॉल्बी पाठवत असतो आणि हा साधा डबा ते समजू शकत नाही. ऑप्टिकलच्या वायरीच्या टोकावरची पारदर्शक टोपी काढायची असते, हे सांगायला नको, पण सांगतो.

होम थिएटर 2009 नंतरचं असेल तर त्याच्या एचडीएमआयवर 'एआरसी' लिहिलंय का बघा, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्याच वायरीतून उलटा पाठवायची सोय. टीव्हीच्याही एकाच भोकाजवळ ते लिहिलेलं असतं. दोन्ही तशीच जोडली आणि सेटिंगमध्ये एआरसी चालू केलं की एका वायरीत काम होतं.

शेवटचं दुखणं म्हणजे 'घुंऽऽ' असा सतत आवाज. टीव्ही एका भिंतीच्या बोर्डात, ऍम्प्लिफायर दुसऱ्या, आणि वर केबलवाल्याची वायर टीव्हीला. अर्थिंगच्या दोन वाटा झाल्या की हे होतं. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा. तरी राहिलं तर केबलची वायर क्षणभर काढून बघा. घुं थांबला तर त्या वायरीवर लावायचा आयसोलेटर मिळतो. प्लगची तिसरी, जाड अर्थिंगची पिन कापून घुं घालवणारे कारागीर आहेत. त्यांना ते करू देऊ नका, त्या पिनेवर तुमचा जीव आहे.

आत्याकडे आता व्हीसीआर टीव्हीखालच्या फळीवर आहे. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळून मी त्यावर नावं लिहिली, आणि टीव्हीच्या रिमोटवर सोर्सच्या बटणाशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, कारण तिला 'एचडीएमआय 2' लक्षात राहत नाही. लाल ठिपका, मग दोनदा खाली, मग ओके, असं तिने स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहून तो कॅसेटींच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय.